जिन सापळ्यावरची बंदी: एका कायद्याच्या एक्याण्णव वर्षांचं प्रकरण

जिन सापळा मांडायला फार अक्कल लागत नाही, हात मात्र बसलेला लागतो. सशाच्या बिळाच्या तोंडाशी हातोडीच्या चपट्या पात्याने उथळ खाच करायची, खुंटी ठोकायची आणि तिला साखळीने सापळा अडकवायचा. पायाने कमान, म्हणजे स्प्रिंग, दाबून दोन्ही जबडे आडवे पाडायचे. चाप तबकडीच्या खाचेत जेमतेम टेकेल एवढाच सरकवायचा आणि वरून चाळलेली माती भुरभुरायची. सगळं झालं की बिळापुढची जमीन होती तशीच दिसते. दिवेलागणीला ससा बाहेर पडतो, त्याचा पाय तबकडीवर पडतो आणि दातेरी जबडे त्या पायावर मिटतात.

हा सापळा मारत नाही, धरून ठेवतो. हाड मोडलं तरी कातडं आणि स्नायू तुटत नाहीत, त्यामुळे ससा सुटतही नाही. तो किंचाळतो, साखळी पुरेल तिथवर ओढतो, थकून पडतो आणि पुन्हा ओढू लागतो. सापळेवाला कंदील घेऊन फेरीवर येईपर्यंत हेच चालू राहतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे सापळे 31 जुलै 1958 पासून बेकायदा झाले. तो कायदा 1954 चा. पण या सापळ्यातल्या वेदनेचं नेमकं वर्णन 1863 मध्येच छापून आलं होतं, तेही अशा माणसाच्या घरातून की ज्याचं नाव तेव्हा अख्ख्या युरोपला ठाऊक होतं. मधली 91 वर्षं कशात गेली, हा या प्रकरणाचा विषय आहे. क्रूर सापळ्यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून धडपडणारी माणसं बहुधा एका समजुतीने काम सुरू करतात: लोकांना एकदा दाखवून दिलं की कायदा होईल. इथे लोकांना दाखवून झालं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं. कायदा तरीही झाला नाही.

डार्विन दांपत्याचं पत्रक

1863 च्या उन्हाळ्यात केंट परगण्यातल्या डाऊन गावातून चार्ल्स आणि एमा डार्विन यांनी लोखंडी सापळ्यांविरुद्ध एक आवाहन लिहिलं. पुढाकार मुख्यतः एमा यांचा होता. ते स्थानिक पत्रात छापून आलं, बागायतदारांच्या एका मोठ्या साप्ताहिकातही हाच विषय गेला, आणि एमा यांनी स्वतंत्र पत्रकं छापून ओळखीपाळखीच्या जमीनदार घरांत धाडली.

त्यातला युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. शिकारीसाठी राखलेल्या रानांत तितर-फेझंट वाचवायचे म्हणून राखणदार हे सापळे लावत आणि त्यांत मांजरं, ससे, बारीकसारीक शिकारी प्राणी अडकत. डार्विन दांपत्याने वाचकाला एकच गोष्ट करायला सांगितली: आपला एखादा अवयव लोखंडी दातांत रात्रभर चिरडलेला आहे आणि सुटायची प्रत्येक धडपड ती कळ वाढवते आहे, अशी कल्पना करून पाहा. जो गृहस्थ स्वतःच्या हाताने कुठल्याही जिवाला क्षणभरही विनाकारण दुखवणार नाही, त्याच्याच नोकराने, त्याच्याच रानात, रोज रात्री हे घडवायचं, यातली विसंगती त्यांनी शांतपणे समोर ठेवली. दोष दिला तो क्रूरपणाला नव्हे, कल्पना न करण्याला.

प्रतिसाद चांगला होता. सहानुभूतीची पत्रं आली. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणाऱ्या राजमान्य संस्थेने, म्हणजे आरएसपीसीएने, दयाळू सापळ्यासाठी बक्षीस जाहीर केलं आणि 1864 मध्ये त्याची स्पर्धाही झाली. राखणदार उद्यापासून जिन टाकून देऊन उचलतील असा सापळा मात्र तिथून निघाला नाही. प्रकरण तिथेच थंडावलं.

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळतो, कारण चळवळीत नेमकं काय कमी पडणार होतं ते इथेच दिसतं. एमा डार्विन यांचं निदान अर्धं बरोबर होतं. पर्याय लागेल हे त्यांनी आणि संस्थेने त्याच वेळी ओळखलं, आणि यासाठी त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे. पण पर्याय शोधायचा तर ‘कशाला पर्याय’ हे आधी ठरवावं लागतं, आणि तिथे सगळ्यांचीच गफलत झाली. जिन सापळा प्राणी मारण्याचं साधन आहे, असं धरून ते चालले होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो प्रामुख्याने सशाचं मांस विकण्याचं साधन झाला.

दिवसातून एकदा

मधल्या काळात दोन कायदे झाले. 1904 च्या कायद्याने खांबावरचे सापळे बंद केले. उंच खांबाच्या टोकाला जिन बसवायचा, शिकारी पक्षी तिथे टेकला की पायात अडकून उलटा लोंबकळायचा, असा तो प्रकार होता. तो उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर होता, त्याच्यामागे बाजार नव्हता आणि त्यामुळे बंदी तुलनेने सोपी गेली.

दुसरा कायदा 1911 चा, प्राणिसंरक्षणाचा. त्याच्या 10 व्या कलमात असं आलं की ससे धरण्यासाठी कमानीचा सापळा लावणाऱ्याने वाजवी अंतराने आणि निदान दिवसातून एकदा, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, त्याची पाहणी केलीच पाहिजे.

कागदावर हे कलम दयाळू वाटतं. ते सशाच्या दिनक्रमाशेजारी ठेवून पाहा. ससा बाहेर पडतो संध्याकाळी आणि रात्री. आज सूर्य मावळल्यावर अडकलेल्या सशाकडे उद्या सूर्य मावळायच्या आत गेलं की कायदा पाळला गेला. म्हणजे चोवीस तासांची वेदना कायद्याच्या चौकटीत बसली. शिवाय या कलमाने सापळा वैध ठरवला तो ठरवलाच. ज्या साधनावर आक्षेप आहे त्याच्या वापराचे नियम बनवले की ते साधन नियमात बसलेलं साधन होतं, आणि पुढच्या माणसाला ते उखडणं जास्त जड जातं. चळवळीने असा तुकडा स्वीकारावा की नाकारावा यावर मतभेद असतात. माझ्या मते 1911 चं कलम स्वीकारणं चूक नव्हतं. त्यानंतर बराच काळ त्यावर समाधान मानलं गेलं, ही चूक होती.

सशाचं अर्थकारण

खरी गाठ इथे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डेव्हन, कॉर्नवॉल आणि नैर्ऋत्य वेल्स या पट्ट्यात ससे धरणं हा मोठा हंगामी धंदा होता. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत सापळेवाले शेतांवर काम करत. शेतकरी आपल्या जमिनीवरचा ससे धरण्याचा हक्क त्यांना पैसे घेऊन देई. धरलेले ससे पेट्यांत भरून रेल्वेने मोठ्या शहरांच्या बाजारात जात.

आता सापळेवाल्याच्या जागी उभं राहून पाहू. विषारी वायूने ससा बिळातच मरतो, हाती काहीच लागत नाही. बंदुकीने मांसात छर्रे राहतात आणि काडतुसाचा खर्च वेगळा. जिन मात्र पाय धरतो. बाकीचा ससा साफ, ताजा, जिवंत मिळतो आणि तिथल्या तिथे मान मोडता येते. सापळा वर्षानुवर्षं टिकतो, खांद्यावर डझनांनी टाकून नेता येतो. जे वैशिष्ट्य सशासाठी रात्रभराची यातना होतं, तेच बाजारासाठी मालाचा दर्जा होतं. 1864 च्या स्पर्धेतल्या कारागिरांना आणि त्यांच्यामागून आलेल्या सुधारकांना हरवणारी गोष्ट हीच होती. पटकन मारणारा सापळा बनवता येतोही, पण पटकन मारणारा, स्वस्त, हलका आणि मांस न बिघडवणारा सापळा बनवणं फार अवघड.

म्हणून संसदेत आणि बाहेर विरोधक जी तीन वाक्यं पुन्हा पुन्हा बोलत, ती पोकळ नव्हती. ससे पिकं फस्त करतात. दुसरं चालणारं साधन नाही. गरीब सापळेवाल्याच्या पोटावर पाय येईल. यातलं पहिलं वाक्य तर निखालस खरं होतं. 1953 मध्ये सशांत साथीचा रोग येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये त्यांची संख्या 6 ते 10 कोटींच्या घरात असावी असा अंदाज केला जातो. कोवळं गहू आणि गवत त्यांनी पार जमिनीलगत खाल्लेलं असे. अशा शेतकऱ्यासमोर उभं राहून ‘सशाला दुखतं’ एवढंच सांगणाऱ्याला तो दारात उभा करणार नाही, हे उघड आहे.

ह्यूम यांनी फिरवलेला प्रश्न

1926 मध्ये मेजर चार्ल्स ह्यूम यांनी लंडन विद्यापीठात प्राणिकल्याणाची एक संस्था काढली. 1938 पासून तिचं नाव युनिव्हर्सिटीज फेडरेशन फॉर अ‍ॅनिमल वेल्फेअर झालं. प्राण्यांविषयी कळवळा पूर्ण असावा, पण मांडणी शास्त्रीय असावी, भाबडी नसावी, हा ह्यूम यांचा आग्रह होता. जिन सापळा हे संस्थेचं अगदी सुरुवातीचं काम.

त्यांनी केलेली गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बुद्धिमान चाल वाटते. ‘सापळा क्रूर आहे का’ हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, ‘या सापळ्याने ससे कमी होतात का?’

उत्तर ‘नाही’ असं निघत होतं, आणि त्याची कारणं शेतकऱ्याला पटण्यासारखी होती. सापळेवाला सशांवर जगतो. एखाद्या शेतावरचे ससे संपवणं म्हणजे पुढच्या हंगामाची कमाई संपवणं. तो वरचं पीक काढतो आणि बी राखून ठेवतो. त्यात जिन काही सशांपुरता थांबत नाही. मुंगसासारखे छोटे शिकारी, म्हणजे स्टोट आणि वीझल, तसेच कोल्हे आणि भटकी मांजरं, असे जे प्राणी फुकटात ससे खातात, तेही त्यात सापडतात. म्हणजे शेतकरी हक्काचे पैसे घेऊन आपल्याच शेतावर सशांची राखण करवत होता, आणि पीक गमावत होता ते वेगळंच. ससे खरोखर नको असतील तर बिळं बंद करून सायनाइडची भुकटी वापरा, असं फेडरेशनने सांगितलं. ओलाव्याशी संयोग झाला की त्या भुकटीतून वायू सुटतो आणि बिळातला ससा लवकर मरतो.

यात एक कडू घोट आहे आणि तो लपवून चालणार नाही. प्राणिकल्याणाची संस्था ससे मारण्याची पद्धत शिकवत होती, जास्त संख्येने मारण्याची. काहींना ते पचलं नाही आणि मला त्यांचा राग येत नाही. पण त्या काळच्या ब्रिटनमध्ये ससा मारला जाणार की नाही हा प्रश्न खुला नव्हता. तो काही मिनिटांत मरणार की रात्रभर, एवढाच खुला होता. ह्यूम यांनी जो प्रश्न सुटण्यासारखा होता तो हाती घेतला. आणि या चालीमुळे विरोधकांची फळी दुभंगली. तोवर शेतकरी आणि सापळेवाला एकाच बाजूला उभे दिसत होते. आता त्यांचे हितसंबंध वेगळे आहेत हे सगळ्यांना दिसू लागलं.

हे लगेच फळाला आलं असं नाही. 1935 मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात जिनबंदीचं विधेयक आलं, ते पुढे गेलं नाही. 1937 मध्ये त्याच सभागृहाच्या निवड समितीने सशांमुळे होणाऱ्या शेतीच्या नुकसानीचा तपास केला, आणि त्यातून 1939 चा कायदा आला. त्याचं नावच बोलकं आहे: सशांपासून होणारं नुकसान रोखण्याचा कायदा. दयेचा उल्लेख नावात कुठेच नाही. पण आत दोन गोष्टी होत्या. सशांच्या बिळांत वायू वापरणं कायदेशीर झालं, आणि कमानीचा सापळा बिळाबाहेर, उघड्या जमिनीवर लावायला मनाई झाली. प्राणिप्रेमाच्या नावाखाली जे मिळत नव्हतं ते पिकांच्या नावाखाली थोडं मिळालं.

त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. मांसाची टंचाई आली, रेशनबाहेर मिळणारा ससा मोलाचा झाला आणि चळवळ कित्येक वर्षं मागे पडली.

समितीचं एक विशेषण

युद्धानंतर 1949 मध्ये शिकार आणि सशांच्या पाठलागाच्या खेळांवर बंदी आणू पाहणारी विधेयकं संसदेत आली आणि बारगळली. सरकारने मग वन्यप्राण्यांवरील क्रौर्याची चौकशी करायला बॅरिस्टर जॉन स्कॉट हेंडरसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1951 मध्ये तिचा अहवाल आला.

ही समिती काही चळवळीची माणसं घेऊन बनलेली नव्हती. घोड्यावरून, कुत्र्यांचा ताफा घेऊन होणारी कोल्ह्याची शिकार चालू राहायला तिने हरकत घेतली नाही, आणि त्यावर प्राणिप्रेमी मंडळी आजही नाराज असतात. त्याच समितीने जिन सापळ्याला सैतानी साधन म्हटलं, त्यातून होणाऱ्या वेदनेचं मोजमापच होऊ शकत नाही असं नोंदवलं आणि थोड्या वर्षांच्या मुदतीत त्याची विक्री आणि वापर दोन्ही कायद्याने बंद करावेत अशी शिफारस केली.

शिकारीच्या बाबतीत नरम राहिलेल्या समितीने हे लिहिलं, म्हणून त्याला वजन आलं. हेच शब्द आरएसपीसीएने पन्नास वर्षं वापरले असते तरी ते ‘त्यांचंच म्हणणं’ राहिलं असतं.

आठवं कलम

1954 च्या नोव्हेंबरात पेस्ट्स अ‍ॅक्ट, म्हणजे उपद्रवी प्राण्यांविषयीचा कायदा, मंजूर झाला. त्याचं 8 वं कलम कायदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने बघावं असं आहे. ‘जिन सापळा बंद’ असं त्यात म्हटलेलं नाही. ज्या कमानीच्या सापळ्याला मंत्र्यांनी आदेशाने मंजुरी दिलेली नाही तो वापरणं, वापरू देणं, विकणं आणि बेकायदा वापरासाठी जवळ बाळगणं, हे सगळं गुन्हा ठरवलं.

जिनला नावानिशी बंदी घातली असती तर दुसऱ्याच दिवशी जबड्याचे दाते काढलेला, थोडा रुंद केलेला, वेगळ्या नावाचा सापळा दुकानात आला असता आणि तो जिन आहे की नाही यावर न्यायालयात वर्षं गेली असती. इथे ओझं उलटं पडलं. सापळा क्रूर आहे हे कोणी सिद्ध करायचं राहिलं नाही. आपला सापळा चालण्याजोगा आहे हे बनवणाऱ्याने दाखवायचं, तपासून घ्यायचं, मगच तो यादीत येणार.

अंमलासाठी 31 जुलै 1958 ही तारीख ठरली. जवळजवळ पावणेचार वर्षांची मुदत. अनेक कार्यकर्त्यांच्या दृष्टीने ही मुदत म्हणजे आणखी लाखो सशांची यातना, आणि ते खरंच होतं. पण याच काळात इम्ब्रा, जूबी यांसारखे नवे सापळे तपासले गेले आणि 1957 मध्ये मंजुरीचे पहिले आदेश निघाले. त्यांच्याच पाठोपाठ आलेला फेन सापळा पुढे राखणदारांच्या हातात सर्रास दिसू लागला. हे सापळे पाय धरत नाहीत. अंगावर आदळून मारतात, आणि बिळात किंवा बोगद्यासारख्या आडोशातच लावायचे असतात. 1864 च्या स्पर्धेला जे साधलं नव्हतं ते आता साधलं, कारण आता यादीत नाव आलं तरच माल विकला जाणार होता. गरज आधी कायद्याने तयार केली, शोध तिच्या मागून आला. ‘आधी पर्याय आणा, मग बंदी घालू’ हे वाक्य ऐकलं की मला ही तारीख आठवते.

रोग

या गोष्टीत एक भयंकर योगायोग आहे आणि तो वगळून श्रेयाची वाटणी केली तर ती खोटी होईल.

1952 च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये पॉल-फेलिक्स आर्मां-देलील या निवृत्त डॉक्टरने आपल्या इस्टेटीवरच्या सशांना मिक्सोमाटोसिस या रोगाच्या विषाणूची लागण करून सोडलं. रोग युरोपभर पसरला आणि 1953 च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या केंटमध्ये पोहोचला. सशाचे डोळे, कान, डोकं सुजतं. तो आंधळा होतो, रस्त्याच्या कडेला नुसता बसून राहतो आणि बहुतेक वेळा दोनेक आठवड्यांत मरतो. 1955 पर्यंत ब्रिटनमधले पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त ससे गेले. उरलेल्यांचं मांस कोणी घेईना. डेव्हन-कॉर्नवॉलचा धंदा बसला.

काही शेतकऱ्यांनी आजारी ससे मुद्दाम आपल्या शेतांवर नेऊन सोडले. लोक खवळले आणि त्याच 1954 च्या कायद्यात 12 वं कलम आलं: रोगी ससा जाणूनबुजून वापरून निरोगी सशांत रोग पसरवणं हा गुन्हा. ज्या प्राण्याला उपद्रवी ठरवून त्याच्या नाशासाठी कायदा केला, त्याच प्राण्याला या मार्गाने मारू नका असं तोच कायदा म्हणतो. मला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं. मारण्याचा हक्क असला तरी मारण्याची रीत कायद्याच्या कक्षेत येते, हे त्यात निःसंदिग्धपणे मांडलं आहे.

मग जिनबंदी चळवळीने आणली की रोगाने? तारखा पाहिल्या तर शिफारस 1951 ची, म्हणजे रोगाच्या आधीची. बंदीची दिशा ठरलेली होती. पण विरोध करणारा धंदाच उरला नाही, म्हणून ती वेळेवर आणि फारशी खळखळ न होता अमलात आली, हेही तितकंच खरं. चळवळीने दार करून ठेवलं होतं. ते ढकललं रोगाने.

याची उलटी बाजू स्कॉटलंडमध्ये दिसते. तिथल्या डोंगराळ भागातल्या मेंढपाळांचं म्हणणं होतं की कोल्हे कोकरं नेतात आणि जिनशिवाय ते आवरत नाहीत. कोल्ह्यांना कुठलाही रोग झालेला नव्हता, त्यामुळे हा विरोध जिवंत राहिला. कोल्हे आणि पाणमांजरं यांच्यासाठी तिथे जिनला सूट मिळाली. ती काढायला 1969 चा वेगळा कायदा लागला आणि ती संपली 1973 मध्ये. ‘तात्पुरता’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेला अपवाद इंग्लंडच्या बंदीनंतर 15 वर्षं टिकला.

यादी काय करू शकते, काय नाही

मंजूर यादीची ताकद पुढे एका वेगळ्याच निमित्ताने दिसली. 1991 मध्ये युरोपीय समुदायाने पाय धरणाऱ्या सापळ्यांवर बंदीचा नियम केला. वापर 1995 पासून बंद, आणि असे सापळे वापरणाऱ्या देशांतून 13 जातींच्या प्राण्यांची फर आणायलाही मनाई, असा तो बेत होता. फर निर्यात करणाऱ्या देशांनी व्यापार-कराराचा मुद्दा उपसला, आणि आयातबंदीच्या जागी कॅनडा आणि रशियाशी सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. त्यातलं मारक सापळ्यांचं मानक असं: चाचणीतल्या निदान 80 टक्के प्राण्यांची शुद्ध ठरलेल्या वेळेत हरपली पाहिजे. पुष्कळ जातींसाठी ही वेळ 300 सेकंद आहे. पाच मिनिटं. घड्याळ लावून पाच मिनिटं गप्प बसून पाहिलं की या आकड्याचा अर्थ कळतो. स्टोटसाठी मात्र तो 45 सेकंद आहे, आणि जिनची जागा घेणारा फेन सापळा स्टोटच्या बाबतीत त्या कसोटीला उतरला नाही. 1 एप्रिल 2020 पासून ब्रिटनमध्ये स्टोटसाठी त्याचा वापर बंद झाला. त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागला नाही, मंजुरीचा आदेश बदलला की काम झालं. 1954 च्या मसुदाकारांची दूरदृष्टी ही.

पण त्यांच्या एका शब्दाने मोठी फटही ठेवली. कलम ‘कमानीच्या सापळ्या’बद्दल होतं. तारेच्या फाशाला कमान नसते, चिकट फळीलाही नसते, त्यामुळे दोन्ही त्याच्या बाहेर राहिले. चिकट फळीवर उंदीर तासन् तास जिवंत चिकटून राहतो आणि सुटायच्या धडपडीत स्वतःची कातडी सोलून घेतो. तिच्यावर इंग्लंडमध्ये 2022 मध्ये कायदा झाला आणि सर्वसामान्य वापर थांबला 31 जुलै 2024 रोजी. तारेच्या फाशाला 1981 च्या कायद्याने हात लावला. ओढला की आवळतच जाणारा फास त्याने बंद केला. साधा फास राहू दिला, त्याला अट घातली: लावणाऱ्याने निदान दिवसातून एकदा पाहणी करावी. सत्तर वर्षांपूर्वीचं 1911 चं कलमच जणू पुन्हा लिहिलं.

ही ‘दिवसातून एकदा’ची अट वेल्सने फाशांपुरती 17 ऑक्टोबर 2023 रोजी निकालात काढली, फासच बंद करून. स्कॉटलंडने पुढच्या वर्षी तेच केलं.